चार मिनिटांचा भरवसा

अमेरिकेत ज्या बोटीच्या पोटात पेट्रोलचं इंजिन असतं, तिच्या चावीजवळ एक ताकीद चिकटवलेली असते. तिचा मतलब असा : पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊ शकतो, तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा आणि इंजिनाच्या कप्प्यात वाफ साठलेली नाही ना, ते तपासा. बनवणाऱ्याच्या मनात आलं म्हणून ही पट्टी लावलेली नसते, तसा तिथल्या कोस्ट गार्डचा नियमच आहे. १९८०च्या ऑगस्टपासून बनलेल्या अशा बोटींना विजेवर चालणारा ब्लोअर बसवणं सक्तीचं आहे.

डिझेलच्या बोटीवर ही ताकीद नसते.

मागचा अख्खा हिवाळा आम्ही दोन कुटुंबं मिळून एक जुनी क्रूझर घ्यायच्या खटाटोपात होतो. क्रूझर म्हटल्यावर स्विमिंग पूल आणि कॅसिनो असलेलं जहाज डोळ्यांपुढे आणू नका. २८-३० फुटांची बोट, पुढच्या बाजूला पाय पसरून झोपता येईल असा बिछाना, एका शेगडीचा ओटा, वाकून आत शिरावं लागेल असा संडास. दोन-तीन रात्री पाण्यावर राहता येईल, एवढीच ऐपत. आम्ही मेरीलँडमध्ये, चेसापीकच्या उपसागराजवळ राहतो. इथे घराच्या मागे बोट असणं म्हणजे कोल्हापुरात दारात म्हैस असणं. सगळ्यांकडे नसते, पण असली तर कुणी वळून बघत नाही. शेवटी यादीत दोन बोटी उरल्या. एक पेट्रोलवर चालणारी, स्टर्न ड्राइव्हची. दुसरी तिच्याहून बरीच जुनी, डिझेल इनबोर्डची, आणि किंमत जवळजवळ दीडपट.

(इथले लोक पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. ‘गॅस बोट’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लाल सिलिंडर आला होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, त्याच्याकडे येतेच.)

आधी यंत्रं समजून घेऊ. इनबोर्डमध्ये इंजिन बोटीच्या मध्याजवळ असतं आणि त्यातून निघालेला लांब दांडा तळातून तिरपा बाहेर जातो. त्याच्या टोकाला पंखा, पंख्यामागे सुकाणू. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमार ट्रॉलरची रचना साधारण हीच. स्टर्न ड्राइव्हमध्ये इंजिन पार मागे, वराम्याला खेटून बसवलेलं असतं. त्याचा पाय मात्र बाहेर पाण्यात लोंबतो, आउटबोर्डसारखा. तो पाय वळवला की बोट वळते, उथळ पाण्यात तो वर उचलताही येतो. व्होल्वो पेंटाने १९५९ साली ही जोडणी बाजारात आणली आणि घरगुती बोटींचं जगच बदललं. इंजिन मागे सरकल्यामुळे मधली जागा मोकळी झाली, केबिन मोठी झाली, वेग वाढला, शिवाय आत मोटारीच्याच जातकुळीचं इंजिन असल्यामुळे किंमत उतरली. डिझेल स्टर्न ड्राइव्ह असते आणि पेट्रोल इनबोर्डही असते, पण आमच्या पैशांत वापरलेल्या बोटींच्या बाजारात सारख्या याच दोन जोड्या समोर येत होत्या. त्यामुळे खरं तर दोन वेगळे असलेले प्रश्न आमच्यापुढे एकच होऊन आले.

आता इंधन. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली पेट घेण्याजोगी वाफ सोडत असतं. डिझेलला त्यासाठी ५२ अंशांच्या वर तापवावं लागतं. म्हणजे साध्या हवेत सांडलेल्या डिझेलची घाण होते, वास येतो, पाय घसरतो. सांडलेल्या पेट्रोलची वाफ होते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीतून पेट्रोल गळलं तर ते रस्त्यावर पडतं आणि वाफ वाऱ्यावर जाते. बोटीला मात्र खाली भोक नसतं (नसावं, हीच तर बोटीकडून आपली मुख्य अपेक्षा). त्यामुळे ती वाफ बिल्जमध्ये, म्हणजे तळातल्या खोलगट जागेत उतरते आणि ठिणगीची वाट बघत बसते.

हे वागणं मराठी घराला नवीन नाही. आपल्या स्वयंपाकघरातला एलपीजीही हवेपेक्षा जडच. गळला तर तो जमिनीलगत पसरतो. त्याला मूळचा जवळजवळ वास नसतो, म्हणून आपल्याला कळावं यासाठी मुद्दाम घाणेरडा वास मिसळलेला असतो. म्हणूनच ‘रेग्युलेटर बंद केलास का?’ हा प्रश्न आपल्याकडे रात्री कडी लावण्याइतका सवयीचा झाला. वास आला तर बटण दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतं. आपण बॉम्ब घरात ठेवून त्यावर पोहे करतो आणि दशकानुदशकं काही होत नाही, कारण कोट्यवधी बायकांनी न विसरता ती चावी फिरवलेली असते.

त्यामुळे ‘पेट्रोलची बोट धोकादायक’ हे वाक्य मला सरळसरळ मान्य नाही. पेट्रोलची बोट चार मिनिटांच्या अटीवर सुरक्षित आहे. डिझेलची बोट निदान या एका बाबतीत विनाअट सुरक्षित आहे. एवढ्या फरकासाठी दीडपट पैसे द्यावेत का, हा हिशेब झाला. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा होता : आपल्या सावधपणावर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवायचा हक्क आपल्याला असतो का?

सावधपणा कसा झिजतो ते बघा. एका मोसमात आपण ४० वेळा बोट बाहेर काढली असं धरू. दर वेळी दोन-तीनदा इंजिन बंद-चालू होतं. म्हणजे १००च्या आसपास वेळा चार-चार मिनिटं थांबायचं. पहिल्यांदा सगळेच थांबतात. प्रश्न येतो तिसऱ्या वेळी. नांगर टाकून जेवण झालेलं आहे, पोरं पेंगुळलेली आहेत, पश्चिमेला आभाळ काळं होतंय (चेसापीकवर उन्हाळ्यातल्या दुपारी हे हमखास होतं), आणि इंजिन तर मघाशीच चालू होतं. किंवा ४ जुलैच्या सुट्टीत इंधनाच्या धक्क्यावर तुम्ही नुकतीच टाकी भरलीय आणि मागे सहा बोटी ताटकळत उभ्या आहेत. इंधन भरल्यानंतरचा पहिला स्टार्ट सगळ्यात नाजूक, आणि मागच्याचा हॉर्न वाजतो तोही नेमका तेव्हाच. ‘अति घाई संकटात नेई’ ही आपल्या घाटातली पाटी तिथे कुणी लावलेली नसते.

भर म्हणजे जुन्या बोटीत केवळ तुमचा सावधपणा पुरत नाही. बोटीच्या इंजिनाचा स्टार्टर आणि अल्टरनेटर अशा बांधणीचा असतो की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये. मोटारीचा तसाच दिसणारा भाग पुष्कळ स्वस्त मिळतो आणि बरोबर बसतोही, पण त्यात ही काळजी घेतलेली नसते. वीस वर्षांत ती बोट चार हातांतून गेली असेल, तर त्या चारांपैकी कुणी एका शनिवारी दुपारी पैसे वाचवले नसतील कशावरून? म्हणजे आपण अनोळखी माणसांच्या सावधपणावरही बसून फिरत असतो.

आमच्या भागीदार मैत्रिणीला हे सगळं बोलणं आवडलं नाही. तिला पेट्रोलची बोट हवी होती. केबिन ऐसपैस, पाण्यात उतरायला मागे रुंद फळी, आणि वेग. ती म्हणाली, “चार मिनिटं थांबण्याइतकाही तुमच्यावर भरवसा नसेल, तर डिझेलच्या बोटीतही मी माझी मुलं पाठवणार नाही.”

या वाक्याने मला काही आठवडे छळलं, कारण ते खरं आहे. निष्काळजी माणसाला भिडस्त यंत्र दिलं म्हणून तो काळजीवाहू होत नाही. पाण्यावर मरायचे इतर शंभर मार्ग आहेतच. पण त्या वाक्यात एक गफलतही आहे, ती माझ्या हळूहळू लक्षात आली. माणसावर भरवसा असणं आणि त्या माणसाच्या प्रत्येक क्षणावर भरवसा असणं या दोन गोष्टी आहेत. माझा माझ्या नवऱ्यावर पूर्ण भरवसा आहे, आणि तो आठवड्यातून दोनदा घराच्या किल्ल्या शोधत असतो. दोन्ही विधानं एकदम खरी असू शकतात. स्वभावाची परीक्षा वर्षाच्या सरासरीने होते, पण वाफेला सरासरी कळत नाही.

याच जागी मला विल्यम क्लिफर्ड आठवला. हा इंग्रज गणिती १८७०च्या सूर्यग्रहणाच्या मोहिमेवर निघालेला असताना सिसिलीच्या किनाऱ्याजवळ त्याचं जहाज फुटलं, तो वाचला. सात वर्षांनी त्याने विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. मालकाचं जहाज जुनं आहे, दुरुस्तीला आलेलं आहे, आणि देशांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन समुद्रात निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते. मग तो स्वतःची समजूत घालतो : एवढ्या सफरी झाल्या, इतकी वादळं झाली, दर वेळी परत आलंच ना. शंका हळूहळू विरते. तो अगदी मनापासून निर्धास्त होतो, जहाजाला निरोप देतो, आणि ते बुडाल्यावर विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो.

क्लिफर्डचा मुद्दा असा की त्याचा विश्वास प्रामाणिक होता, याने त्याचा दोष तसूभर कमी होत नाही, कारण समोरच्या पुराव्यावरून तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. पुढे तो विचारतो, समजा जहाज बुडालं नसतं तर? तरीही मालक तेवढाच दोषी. फक्त पकडला गेला नसता.

वापरलेली बोट विकायला काढलेल्या कुठल्याही माणसाशी बोलून बघा. “वीस वर्षांत एकदाही काही झालेलं नाही,” हे वाक्य ऐकायला मिळेलच. क्लिफर्डच्या मालकाचंच ते वाक्य. आणि त्यातली खोच अशी की ब्लोअर न लावता सुरू केलेलं इंजिन दर वेळी सुखरूप सुरू झालं, की तो सुखरूपपणाच पुरावा बनत जातो. बेपर्वाईला अनुभवाचं रूप येतं. पन्नास वेळा न थांबलेला माणूस हा एकदा न थांबलेल्यापेक्षा जास्त निर्धास्त असतो, म्हणजे नेमकं उलटं.

अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी पुढे याच प्रश्नाची दुसरी बाजू धरली. त्यांचं उदाहरण ट्रकवाल्याचं आहे : ब्रेक तपासायचा कंटाळा केलेला ट्रकचालक, आणि रस्त्यावर आलेलं मूल. मूल आलंच नसतं तर तो ट्रकवाला किरकोळ निष्काळजी. आलं, तर आयुष्यभराचा अपराधी. मूल रस्त्यात येणं-न येणं त्याच्या हातात नव्हतं, तरी आपण निवाडा त्यावरच करतो. नेगलना यातून सुटका दिसत नाही आणि मलाही नाही. फक्त एवढं दिसतं की काही यंत्रं माणसाला या नशिबाच्या टेबलावर जास्त वेळा बसवतात, काही कमी वेळा. डिझेलचे पैसे हे थोडेफार त्या टेबलावरून उठायचे पैसे आहेत.

मी एकटी असते, तर गोष्ट निराळी. सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांना मी मूर्ख म्हणत नाही. आपला जीव आपण कुठल्या दोरावर टांगायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. पण क्रूझर एकट्याने घेतच नाहीत, ती माणसं बसवायला असते. माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत, उन्हाळ्यात येतात. बोटीबद्दल त्यांनी व्हिडिओ कॉलवर दोनच प्रश्न विचारले : “संडास आहे ना गं? आणि परत किती वाजता यायचं?” इंधन कुठलं, हे ते कधीही विचारणार नाहीत. मैत्रिणीची मुलं सहा आणि नऊ वर्षांची. ती तर काहीच विचारणार नाहीत. पाव्हणा बोटीत पाय ठेवतो तो तुमच्या तोंडाकडे बघून. कोकणात तांडेलाचा शब्द बोटीवर अखेरचा असतो, तो एवढ्याचसाठी की बाकीच्यांनी आपले प्रश्न त्याच्याकडे ठेवायला दिलेले असतात.

कारखान्यांत सुरक्षेचं काम करणाऱ्यांची एक उतरंड असते. धोका मुळातून काढता आला तर काढा. नाहीतर कमी धोक्याची वस्तू वापरा. तेही जमत नसेल तर यंत्राला आडोसा, पंखा, झाकण बसवा. आणि सगळं करून उरलं तर माणसाला सूचना द्या. सूचना खालच्या पायरीवर, कारण ती माणूस वाचतो. डिझेल ही वरची पायरी आहे. चावीजवळची पट्टी ही खालची.

एवढ्यावर मी जिंकले होते, असं मला वाटत होतं. मग पैशांकडे बघावं लागलं. वरची पायरी महाग आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो डिझेल घेऊन निवांत झोपतो. ज्याच्याकडे नाहीत तो पेट्रोल घेतो आणि दर वेळी वास घेत वाकतो. एकाने एकदाच चेक फाडून केलं, ते दुसरा रोज शरीराने करतो. यांतला नैतिकदृष्ट्या वरचढ कोण? आमच्या धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांची पेट्रोलची बोट आहे. ते आले की आधी इंजिनाचं झाकण उघडतात, गुडघ्यांवर बसून नाक आत घालतात, ब्लोअर लावतात आणि मग थर्मासमधली कॉफी ओततात. कॉफी संपेपर्यंत चावीला हात नाही. त्यांच्या बोटीत मी बाबांना बिनघोर बसवेन. डिझेलवाल्या कितीतरी जणांच्या बोटीत नाही बसवणार.

स्टर्न ड्राइव्हचा स्वतःचा एक निराळा वांधा आहे. बाहेरचा पाय वळता-उचलता यावा म्हणून तो बोटीला जिथे जोडलेला असतो तिथे रबराची घडीदार नळी असते, बाजाच्या भात्यासारखी. ती पाण्याच्या पातळीखाली असते. ऊन, खारं पाणी, कालवं यांनी ती चिरते, आणि चिरली की बोट धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत रात्रीतून बुडू शकते. वेळच्या वेळी बदलली तर काही होत नाही, पण ती दिसत नाही. इनबोर्डचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथे जुन्या पद्धतीची खोबण असते आणि तिच्यातून थेंब-थेंब पाणी आत येतं. नवख्याला ते बघून घाम फुटतो. पण ते यायलाच हवं. जास्त यायला लागलं तर आवळायचं. मला हे आवडलं. दुखणं असेल तर ते रोज थोडं कण्हतं, एकदम हृदयविकाराचा झटका देत नाही. अर्थात माझ्या आवडीला पुरावा म्हणत नाही. चेसापीकची सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आसपास आहे आणि काठालगत तर नुसता चिखल. तिथे उचलता येणारा पाय हे फार मोठं सुख आहे; इनबोर्डचा पंखा गाळात रुतला की दांडा वाकतो आणि बिल येतं.

आणि वेग. मैत्रिणीच्या नवऱ्याने काढलेला हा मुद्दा मला अजून पुरता परतवता आलेला नाही. वादळ दिसल्यावर २५ नॉट्सने बंदर गाठणारी बोट जास्त सुरक्षित, की आठ नॉट्सने डुलत येणारी? वेगसुद्धा सुरक्षाच आहे. मी म्हटलं, आठ नॉट्सवाला सकाळीच आभाळ बघून निघतो. तो म्हणाला, म्हणजे पुन्हा सावधपणाच की!

मग मी ज्या बाजूने भांडत होते, तिच्या धुराकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकला. बंदरात जुनं डिझेल थंडीत सुरू झालं की काळा-पांढरा लोट उठतो आणि शेजारच्या बोटीतल्या, जिचा या व्यवहाराशी काही संबंध नाही अशा बाईच्या चहावर उतरतो. पेट्रोलचा स्फोट बहुतेक करून मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना भोवतो. डिझेलची काजळी भलत्यालाच. उलट कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या धुरात कितीतरी जास्त असतो. त्याला ना रंग ना वास. बोट हळू चालताना हवा मागून उलटी आत येते आणि धूर बसणाऱ्यांच्या अंगावर आणते. युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरच्या लेक पॉवेलमध्ये हाउसबोटींच्या मागच्या भागात जनरेटरच्या धुराने चांगले पोहणारे लोक बुडाले, तेव्हा २००० साली सरकारी आरोग्य-संशोधकांना जाऊन तपास करावा लागला होता.

(डिझेलचा जनक रुडॉल्फ डिझेल १९१३च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. इंजिनाचा त्यात काही हात नव्हता. तरी हे वाचल्यापासून ‘डिझेल म्हणजे निर्धास्त’ म्हणताना मला जरा चाचरायला होतं.)

हवामानाचा विचार करणारे मित्र विचारतील, घ्यायचीच कशाला? त्यांना माझ्याकडे उत्तर नाही. एक गॅलन पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, डिझेलचा सुमारे १०.२ किलो. डिझेल तेवढ्याच कामाला कमी लागतं आणि सावकाश चालवलं तर आणखीच कमी, हे खरं. पण मौजेसाठी जाळलेलं इंधन ते मौजेसाठीच जाळलेलं. यावर ‘आम्ही विमानाने कमी फिरू’ असं मी एकदा म्हटलं आणि बाबांची तिकिटं काढायला बसले.

आमचं भांडण थांबलं ते कोस्ट गार्डचे वार्षिक अहवाल उघडल्यावर. मी ते पेट्रोलविरुद्ध पुरावा म्हणून शोधत होते. त्यांत आग आणि स्फोट आहेत. पण जीव जातो तो मुख्यतः बुडून. मृत्यूचं कारण माहीत असलेल्यांत चारातले तीनच्या आसपास बुडून गेलेले, आणि त्या बुडालेल्यांत बहुसंख्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. दरवर्षी आकडे थोडे हलतात, चित्र तेच. जीवघेण्या अपघातांच्या ज्ञात कारणांत वर्षानुवर्षं अग्रभागी दारू. त्याखेरीज अपघातांमागे लक्ष नसणं, अनुभव नसणं, समोर न बघणं.

म्हणजे आम्ही चार शहाणी माणसं पाच महिने इंधनावर भांडत होतो, आणि ज्याने खरोखर जीव वाचतो ती वस्तू प्रत्येक बोटीत बाकाखाली, दोरीने बांधून, प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेली असते. इंधनावर का भांडलो? कारण ते विकत घेता येतं. चेक लिहिला की कर्तव्य केल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं किमतीबरोबर वाढतं. उन्हात ३५ अंशांत नऊ वर्षांच्या मुलाला जॅकेट घालायला लावणं आणि त्याची कुरकुर पाच तास ऐकणं, हे दुकानात मिळत नाही. बिअरचा दुसरा कॅन ‘आज मी चालवतोय’ म्हणून परत ठेवणं, हेही नाही. मैत्रीण म्हणाली होती ते इथे येऊन बसलं. फरक इतकाच की तिचं वाक्य मला पेट्रोलकडे ढकलत नाही. जे एकदाच पैसे देऊन मिटवता येतं आणि पैसे आहेत, ते मिटवावं. म्हणजे आपल्याकडचा तोकडा सावधपणा उरलेल्या, न मिटणाऱ्या गोष्टींना पुरेल. पैसे नसते, तर त्या कॉफीवाल्या आजोबांकडे शिकवणीला गेलो असतो.

डिझेल घेतली. मैत्रिणीने होकार दिला तो माझ्या युक्तिवादाला नव्हे, तर सर्व्हेअरने पेट्रोलच्या बोटीत अल्टरनेटरवर बोट ठेवून “हा मोटारीचा आहे” म्हटलं त्याला. केबिन अरुंद आहे. मैत्रिणीच्या नवऱ्याला आठ नॉट्स अजून खुपतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की तो मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने अंदाज सांगतो. वराम्यावर काजळी धरते, ती पुसायची पाळी या महिन्यात आमची आहे. झाकण उघडून वास घ्यायची सवय आम्ही लावून घेतली आहे; ती डिझेलला लागत नाही, पण गळती आधी नाकालाच कळते.

शिडीजवळ मैत्रिणीच्या मोठ्या मुलाने रंगीत पेनांनी लिहिलेला कागद लॅमिनेट करून लावलाय. त्यावर दोनच ओळी आहेत. बोट धक्क्यापासून सुटली की जॅकेट अंगात, आजोबांनीसुद्धा. आणि इंजिन बंद झाल्याशिवाय, चावी काढून ओट्यावर ठेवल्याशिवाय, कुणीही मागून पाण्यात उतरायचं नाही. हा कागद आम्ही दोनापैकी कुठली बोट घ्यायची ते ठरण्याच्या आधीच करून ठेवला होता.